२०४ समोरचे कपाट

सचिव, १०१: सर्व सभासदांना नमस्कार. २०४ समोरच्या पॅसेजमधील लोखंडी कपाट आज ११ व्या दिवशीही तेथेच उभे असून जिन्याची वाट अर्धी अडली आहे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत पाहुण्यांच्या गाद्यांवरून जे घडले, ते पुन्हा लिहिण्याची वेळ कोणी आणू नये.

२०४: नमस्कार काका. आमचे घर म्हणजे १६ बाय १० फुटांची एकच खोली आहे, हे आपणांस ठाऊक आहे. दिवाण, ओटा, फ्रिज, कूलर आणि पाण्याचे दोन बॅरल मांडल्यावर कपाट कोठे ठेवावे, तेही आपणच सांगावे. पाणी रोज येत असते तर बॅरल मी केव्हाच भंगारात दिले असते.

३०२: बॅरल न्हाणीघरात ठेवावेत, असे मी मागेही सुचवले होते.

२०४: न्हाणीघर ४ बाय ३ चे आहे आणि बॅरल जवळजवळ २ फूट रुंद आहे. एक ठेवला आहे. दुसरा ठेवल्यास अंघोळ बॅरलमध्येच करावी लागेल.

१०३: आम्ही बॅरलवर फळी टाकून मिक्सर ठेवतो. पाणी येते त्या दिवशी मिक्सर दिवाणावर जातो आणि आमचे हे उभे राहतात.

३०२: विनोद बाजूला ठेवून बॅरल न्हाणीघरात ठेवावेत.

४०१: मी काल त्यांची खोली टेपने मोजून आलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दिवाण पश्चिमेच्या भिंतीला आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती भिंत रात्री १० वाजेपर्यंत तापलेली असते. तेथे माणसांनी झोपण्याऐवजी कपाट उभे करावे व दिवाण पूर्वेच्या भिंतीला न्यावा. दिवाणाची रुंदी ३ फूट आणि कपाटाची खोली १९ इंच धरली, तरी मधे ६५ इंच उरतात; कपाटाचे दार दीड फूट उघडूनही माणूस सहज वावरतो. खरी जागा अडवली आहे ती खोलीच्या मध्यावर ठेवलेल्या कूलरने. तो बाहेरची कोरडी हवा न घेता खोलीतलीच दमट हवा फिरवतो, त्यामुळे चादरी ओलसर होतात आणि उकाडा कायम राहतो. तो खिडकीबाहेर स्टँडवर बसवावा.

१०४: सूचना उत्तम आहे, मात्र २०४ ची खिडकी आमच्या दोरीवर येते. मागच्या मे महिन्यात ३०४ च्या कूलरचे पाणी आमच्या कुरडयांवर गळले होते आणि ‘बघतो’ या शब्दापलीकडे त्याचे काही झाले नाही.

३०४: वहिनी, कुरडया भरून दिल्या होत्या.

१०४: अर्धा डबा दिला होता.

सचिव, १०१: कृपया विषयावर राहावे. बॅरल माळ्यावर चढवता येतील का?

४०१: सचिवसाहेब, २०० लिटरचा भरलेला बॅरल २०० किलोंहून जड असतो. माळा गाद्या आणि पत्र्याच्या पेट्यांसाठी असतो.

२०४: कपाट आत घेतले आहे. त्याचे डावे दार फ्रिजच्या मुठीला चार बोटे अडते, म्हणून फ्रिज उद्या सरकवू. मागे वारा खेळेल इतके अंतर राखू. कूलरच्या स्टँडसाठी बाहेरच्या भिंतीला भोके पाडण्याची परवानगी मिळावी. गळणारे पाणी नळीने खाली नेऊ, १०४ च्या दोरीवर थेंबही पडणार नाही.

सचिव, १०१: अर्ज लेखी द्यावा.

३०२: आणि दुसरा बॅरल?