विषय: स्मरणिकेसाठी जनरल प्रेमिंद्रसिंग भगत यांच्यावरील लेख

प्रेषक: स्मरणिका संपादन समिती

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

जनरल भगत यांच्यावरील आपला लेख समितीतील सर्वांनी आस्थेने वाचला. दोन शंका मात्र उपस्थित झाल्या आहेत. भगत यांचा जन्म गोरखपूरचा. मग मराठी मंडळाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर लेख का, असा एका सभासदांचा प्रश्न आहे. दुसरे असे की, व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळवून देणाऱ्या पराक्रमाला आपण एकच परिच्छेद दिला आहे आणि त्यांच्या पत्नीविषयी व कन्येविषयी विस्ताराने लिहिले आहे. हे प्रमाण बदलता येईल का?

आपली,
संपादक

प्रत्युत्तर

चि. ताई, अनेक आशीर्वाद.

पहिल्या शंकेचे उत्तर खडकी हे आहे. भगत 1939 मध्ये अधिकारी झाले ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे खडकीला केंद्र असलेल्या सैन्याच्या अभियंता दलाचे, आणि या दलात आपल्याकडचे मराठा जवान पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आले आहेत. स्वातंत्र्यानंतर खडकीच्या याच केंद्राचे ते कमांडंट झाले. 1948 मध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावरचे सुरुंग काढून परमवीर चक्र मिळवणारे कारवारचे रामा राघोबा राणे हेही बॉम्बे सॅपर्सचेच. राणे आपले असतील, तर भगत परके कसे?

दुसऱ्या शंकेविषयी थोडे सविस्तर लिहितो. 1941 च्या जानेवारीअखेर सुदान आणि ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) सीमेवरील मेटेम्मा हे ठाणे पडल्यावर माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याचा पाठलाग सुरू झाला, तेव्हा बावीस वर्षांचे भगत सर्वांत पुढच्या ब्रेन कॅरियरमध्ये, म्हणजे छोट्या चिलखती गाडीत, बसून सैन्याला वाट मोकळी करून देत होते. जो सुरुंग नजरेतून सुटेल तो आधी त्यांच्याच गाडीखाली फुटणार, हे त्या जागेवर बसणाऱ्याला पुरते ठाऊक असते. चार दिवसांत, 55 मैलांच्या वाटेवर, त्यांनी सुरुंगांची 15 क्षेत्रे शोधून साफ करवली. दोनदा त्यांची गाडी उडाली आणि बरोबरचे लोक जायबंदी झाले, एकदा दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला, एका कानाचा पडदा फाटला. बदली माणूस देऊ केला असता त्यांनी नकार दिला, कारण आता या कामाची आपल्यालाच अधिक माहिती झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी ठरले.

हे सारे त्यांच्या सन्मानपत्रात आहेच, म्हणून मी ते थोडक्यात आटोपले. जे सन्मानपत्रात नाही, ते त्यांनी आघाडीवरून मोहिनी भंडारी यांना लिहिलेल्या पत्रांत आहे. 1942 च्या फेब्रुवारीत दोघांचा विवाह झाला. पुढे कन्या अशाली वर्मा यांनी वडिलांचे चरित्र लिहिताना या पत्रांचा आधार घेतला आणि ते आईवडिलांच्या प्रेमाची कथा म्हणूनच मांडले. मला हे फार योग्य वाटते. जो तरुण चार दिवस मृत्यूच्या पुढ्यात बसला, त्याला परत जाण्याची ओढ होती आणि तरीही त्याने जागा सोडली नाही. ती ओढ वगळली, तर त्या नकाराची किंमतच कळत नाही.

1962 च्या चीन युद्धातील पराभवाची चौकशी जनरल हेंडरसन ब्रूक्स यांच्यासह त्यांनी केली. 1972 मध्ये जम्मूजवळच्या सीमेवरील सुचेतगढला पाकिस्तानच्या जनरल अब्दुल हमीद खान यांच्याशी बोलणी करून नियंत्रण रेषेच्या आखणीवर त्यांनीच स्वाक्षरी केली. 1974 मध्ये सेनाप्रमुख जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि भगत निवृत्त झाले. सर्वोच्च पद हुकल्यानंतरही त्यांनी दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन या वीज व धरणे सांभाळणाऱ्या सरकारी महामंडळाचे अध्यक्षपद त्याच निष्ठेने सांभाळले. 23 मे 1975 रोजी, वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी ते गेले. इतकी वर्षे छावण्या आणि बदल्या सोसून ज्यांनी संसार सांभाळला, त्या मोहिनीबाईंच्या वाट्याला निवृत्तीनंतरचा निवांत सहवास जेमतेम आला. यासाठीच मी त्यांना जागा दिली आहे आणि ती कमी करू नये, अशी माझी विनंती आहे.

आपला,
काका

प्रत्युत्तर

आदरणीय काका, आपले पत्र समितीसमोर वाचले. लेखाची मांडणी आहे तशीच राहील. राणे यांच्याविषयीचा मजकूर आणि सुचेतगढचा उल्लेख मूळ लेखात नव्हता. तेवढे दोन परिच्छेद येत्या रविवारपर्यंत पाठवावेत, म्हणजे पाने लावता येतील.

आपली,
संपादक