सहा ट्रान्झिस्टर इकडचे तिकडे केले, यात शोध कसला?

सातपूरकर
चिपमधल्या मेमरी सेलच्या, म्हणजे एक बिट साठवणाऱ्या सर्किटच्या, मांडणीवरून अमेरिकेत पेटंटचं अपील चाललंय, त्यावर काल इथे एकाने लिहिलं, ‘तेच सहा ट्रान्झिस्टर सरकवले, फेटाळा एकदाचं.’ अहो, दिवाणखान्यातला सोफा आहे का तो? एसरॅम या वेगवान मेमरीचा जुना सेल उभट, डिफ्यूजनला, म्हणजे ट्रान्झिस्टर बनतात त्या सिलिकॉनच्या पट्ट्यांना, वळणं. तो बुटका-रुंद केला, एन-वेल, म्हणजे पी-प्रकारचे ट्रान्झिस्टर बसतात ती जागा, मधोमध घेतली, पॉलीचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या गेटचे, सगळे पट्टे एका दिशेला आले. बिटलाइन, म्हणजे बिट वाचायची-लिहायची तार, आखूड झाली, चिपवरची छपाई सरळ झाली. सर्किट तेच, चिप वेगळी! बारा वर्षं लेआउट काढतोय, म्हणून डोकं फिरलं.

गंगापूर रोडची वकीलबाई
फिरू द्या. आपल्याकडे १९७० च्या कायद्यातलं कलम ३(ओ) टोपोग्राफीला, म्हणजे चिपवरच्या मांडणीला, पेटंटच देत नाही. त्यासाठी २००० चा लेआउट-डिझाइन कायदा आहे, १० वर्षांचा. पेटंट २० वर्षांचं, म्हणून नकाशालाच शोध म्हणायचं का? आणि तिकडे अमेरिकेतही सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या केएसआर निकालापासून ‘जाणकाराला सुचलंच असतं’ म्हणणं सोपं झालंय.

सातपूरकर
उत्तर समोर आल्यावर सगळ्यांनाच सुचतं. आयबीएमच्या डेनार्डचा एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटरवाला डीरॅम सेल, संगणकाच्या मुख्य मेमरीतला, १९६८ चं पेटंट. आज डिप्लोमाचं पोरगंही फळ्यावर काढतं.

अंबडचा टूलरूमवाला
मी फिक्श्चरमधल्या, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्यातल्या, चार पिनांची जागा बदलली, सेटिंग वीस मिनिटांवरून सहावर आलं. गिऱ्हाइकाने ‘रेकॉर्डला’ म्हणून ड्रॉइंग मागितलं. महिन्याभरात तेच फिक्श्चर दोन गाळे सोडून दिसलं. वर म्हणतो, ‘पिना तर तुम्हीही विकतच आणता ना?’

पिंपळगावचा बागायतदार
पिनांचं राहू द्या. रॉयल्टी भरून परदेशी द्राक्षवाण लावला, तर करारात म्हणे शेजाऱ्याला लागवडीला काडी द्यायची नाही! आमच्या आजोबांनी थॉम्पसन द्राक्षाच्या काड्या गाडीभर वाटल्या.

वकीलबाई
२००१ च्या वाण कायद्यातलं कलम ३९ बघा. बियाणं ठेवणं, देणं-घेणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि काडीही त्यात येते.

बागायतदार
ताई, कलम घेऊन निर्यातदाराच्या पॅकहाउसच्या दारात उभ्या राहा एकदा. काडी दिली की माल उचलत नाहीत. मग कलम ३९ युरोपात पाठवू का पेटीत भरून?

टूलरूमवाला
पण वाण काढणाऱ्याचीही वर्षं गेलीत की. फुकट काडी वाटणारा आणि माझं ड्रॉइंग पळवणारा, फरक काय?

बागायतदार
शेतकऱ्याला चोर म्हणताय? समोर येऊन बोला!

टूलरूमवाला
गिऱ्हाइकाला म्हटलं. तुम्हाला का झोंबलं?

सातपूरकर
धागा ट्रान्झिस्टरचा होता, मंडळी.

वकीलबाई
बरं. आखूड बिटलाइनमुळे वेग किती वाढला ते अर्जात मोजून दाखवलं असेल, तर तुमच्या म्हणण्यात दम आहे. ‘असेल तर’ म्हटलंय. लगेच पेढे नको वाटायला.

सातपूरकर
वकिलाकडून एवढं मिळालं, फी न देता! भरून पावलो.

बागायतदार
मजूर आलेत, छाटणीला चाललो. काड्या बांधावर पडतील. कोणी उचलल्या तर मी बघितलं नाही.