निगमनं फ्लॅट दिला म्हणून निगम घरमालक होत नाही

सुदामानगर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘इंग्लंडात सरकारी घरातल्यानं धिंगाणा घातला की नोटीस लावून बाहेर काढतात. इंदूरच्या नगर निगमनंही (महापालिकेनं) आवास योजनेच्या मल्ट्यांत, म्हणजे बहुमजली इमारतींत, तेच करावं.’ हे वाचून लोक निगमच्या पायऱ्या झिजवतात, म्हणून लिहितो. तिकडे सरकारी घरं देणाऱ्या कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, कोर्टात जावंच लागतं. 1985 च्या हाउसिंग ॲक्टमध्ये उपद्रव हे कारण आहे. पण तो सिद्ध झाला तरी घर काढून घेणं वाजवी आहे का, हे न्यायाधीश तपासतो. घरातली मुलं, आजार, मधल्या काळात वागणूक सुधारली का, हे सगळं बघतो. आपल्या योजनेत फ्लॅट हप्त्यांवर विकत मिळतो. राहणारा निगमचा भाडेकरूच नाही, तर निगम काढणार कशातून?

रामबाग:
अर्धंच सांगितलंत. तिकडच्याच 2014 च्या कायद्यानं त्या हाउसिंग ॲक्टमध्ये कलम 84ए आलं. भाडेकरूला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा त्यानं उपद्रवाविरुद्धचा कोर्टाचा मनाई हुकूम मोडल्याचं सिद्ध झालं, की वाजवीपणाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय बऱ्याच कौन्सिल नव्या माणसाला पहिले 12 महिने कच्चा, म्हणजे चाचणीपुरता करारच देतात. आपल्याकडे यातलं काय आहे?

सुदामानगर:
84ए राहून गेलं, मान्य. पण मनाई हुकूम मिळतो नोंदींवर. तारीख, सुरू-बंद वेळ, कसला आवाज, कुठल्या खोलीत ऐकू आला, कोण जागं झालं. ‘रोज त्रास होतो’ एवढ्यावर काही मिळत नाही.

तुकोगंज:
नोंदवह्या ठेवा बाजूला, आधी मल्टीच्या खालचा डीजे बंद करा! 2000 चे ध्वनी नियम रहिवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल सांगतात. पाळतं कोण?

रामबाग:
मोजणार कशानं? मोबाइलचं ॲप पुरावा नाही, प्रमाणित मीटर लागतं. आणि हे आकडे ‘ए’ मापातले आहेत, म्हणजे खर्जातला आवाज कमी धरणाऱ्या मापातले. त्यात 63 हर्ट्झचा खोल आवाज सुमारे 26 डेसिबलनं कमी धरला जातो. डीजेचा धमधमाट नेमका तिथेच असतो. खिडकीची तावदानं थरथरतात आणि मीटर त्या मानानं कमी दाखवतं.

तुकोगंज:
म्हणजे भिंत हादरते ती खोटी? अशा हिशेबांनीच ठाण्यातून लोक परत पाठवले जातात.

रामबाग:
खोटी म्हणालो नाही. उगाच तोंडी घालू नका. मोजमापावर विसंबलात तर हराल, एवढंच.

सुदामानगर:
रात्री 10 नंतर मोजायची गरजच नाही. 10 ते 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि ती मोडली एवढ्यावरच त्या ध्वनी नियमांतल्या नियम 7 खाली तक्रार होते. दिवसा मात्र मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त असल्याचं दाखवावं लागतं. तक्रारीत ‘खूप आवाज’ लिहू नका, ‘रात्री 11.20, उघड्यावर, दोन स्पीकर’ असं लिहा.

लोकमान्यनगर:
डीजेत सगळे अडकलात. मूळ फ्लॅटवाला दुसरीकडे राहतो आणि आत भाडेकरू दंगा करतो, तिथं काय? रहवासी संघ भाडेकरूला पत्रं देत बसतो, ती फुकट जातात. मध्य प्रदेशच्या 1961 च्या भाडे कायद्यात कलम 12(1)(सी) उपद्रवासाठीच आहे, पण दावा घरमालकानंच लावायचा. म्हणून पत्र मालकाच्या नावानं, स्पीड पोस्टानं, नोंदींची प्रत जोडून, आणि पोच जपून ठेवायची. मारहाणीची भीती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली त्याच्याकडून शांततेचं बंधपत्र (शांतता राखण्याची लेखी हमी) मागता येतं, जास्तीत जास्त एक वर्षाचं. डिसेंबर 2021 पासून इंदुरात पोलीस आयुक्त पद्धत आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्याचे काही अधिकार पोलिसांकडे आहेत. त्यामुळे हे काम पोलीस अधिकाऱ्यांपुढेच चालतं.

रामबाग:
हे कामाचं बोललात. तरी माझं म्हणणं तेच. वाटपपत्रात उपद्रवाची अट आणि पुढची पायरी लिहून सही घ्या.

सुदामानगर:
विकलेल्या घरात त्या अटीनं फार तर दंड होईल, घर जाणार नाही. पण दंडाची अट तरी असावी, हे पटलं.

तुकोगंज:
आणि रात्री 11.20 ला ठाण्यातून माणूस येणार किती वाजता, ते कुणी लिहिलंच नाही.