ज्वारीच्या बिबड्यांच्या पाकिटासाठी रंग आणि अक्षरवळण: मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. यावल तालुक्यातील आमच्या बचत गटाचे ज्वारीचे बिबडे (खान्देशी पापड) आजवर ओळखीपाळखीतच विकले जात होते. यंदा जळगावातील दोन दुकानदार ते ठेवायला तयार झाल्याने पारदर्शक पिशवीवर लावायच्या स्टिकरचे काम माझ्याकडे आले आहे. मी डीटीपी करते. लग्नपत्रिका आणि हँडबिले यांपलीकडे माझा अनुभव नाही.

केळीच्या पानाचा गडद हिरवा रंग पार्श्वभूमीला घेऊन त्यावर सडपातळ पांढऱ्या अक्षरांत मी ‘बिबडे’ लिहिले. स्क्रीनवर ते सुरेख दिसत होते. छापील नमुन्यात मात्र ‘ब’च्या पोटातील तिरकी रेघ शाईखाली बुजली आणि सासूबाईंनी पाकीट हातात घेऊन सरळ ‘विवडे’ असे वाचले. ठळक फॉन्ट घेऊन पाहिला, तर रेघ इतकी जाड होते की ‘ब’च्या पोटात जागाच उरत नाही.

रंगाबाबत गटात एकमत नाही. बिबडे मातकट पांढरे, त्यात मधूनमधून तीळ. हिरव्या स्टिकरशेजारी ते शिळे वाटतात. बायकांना लाल-पिवळे हवे आहे, कारण दुकानात तेच उठून दिसते. मला ते वेफर्सच्या पाकिटासारखे वाटते. शिवाय शाकाहाराचे हिरवे चिन्ह हिरव्यावर दिसेनासे होते, ते वेगळेच. हिरवा रंग ठेवून अक्षरे वाचवता येतील का?

प्रतिसाद:
ताई, दोष फॉन्टपेक्षा हिरव्याच्या घडणीत अधिक आहे. चाररंगी छपाईत तो सायन (आकाशी निळा), पिवळा आणि काळा अशा शाया एकावर एक बसून तयार होतो. त्यांतील एखादी केसभर सरकली, तरी मध्ये मोकळी सोडलेली बारीक पांढरी रेघ झाकली जाते. म्हणून नावामागे फिकट साय रंगाची पट्टी घ्यावी आणि नाव फक्त काळ्या शाईत छापावे. घटक पदार्थ, वजन, तारीख हा बारीक मजकूरही तसाच. साय रंग बिबड्यांच्या रंगाच्या जवळचा असल्याने मालही शिळा वाटणार नाही, आणि शाकाहाराचे चिन्ह त्याच पट्टीवर स्पष्ट दिसेल. हिरवा रंग कडेला राहू द्यावा; गटाचा लाल ‘तिखट’ या एका शब्दापुरता पुरे.

फॉन्टसाठी ‘मुक्त’ मध्यम जाडीत वापरून पाहावा. तो युनिकोड असून विनामूल्य मिळतो. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. संपूर्ण काम छापण्याआधी त्याच स्टिकर कागदावर, प्रत्यक्ष आकारात, तीन जाड्यांतील ‘बिबडे’ शेजारी शेजारी छापून घ्यावे आणि हा पदार्थ कधी न खाल्लेल्या माणसाला हातभर अंतरावरून वाचायला द्यावे. खान्देशातला माणूस ‘विवडे’ छापले तरी बिबडेच वाचेल, सासूबाईंचा अपवाद सोडून.