पिल्लू स्वतःची शी खातं? तुमचे अनुभव सांगा

पिल्लू घरात आलं की लसी, खाणं, झोपायची जागा, चावरे दात यांबद्दल सगळे भरभरून सांगतात. पण ते स्वतःचीच शी खायला लागलं की घरातली माणसं गप्प होतात. किळस येते, चारचौघांत सांगायची लाज वाटते, आणि पिल्लाचं काहीतरी भलतंच बिघडलंय अशी भीतीही वाटते. या एका सवयीपायी पिल्लांना मार बसतो, काहींना घर सोडावं लागतं. तसं होऊ नये एवढ्याचसाठी हा धागा काढते आहे.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. वर पिल्लाची जात आणि वय टाका. ते कधी खातं, शी झाल्या झाल्या की तुम्ही आसपास नसताना? स्वतःचीच खातं की घरातल्या दुसऱ्या कुत्र्याचीही? कशाने फरक पडला आणि कशाने पडला नाही, दोन्ही लिहा. फक्त लसूण किंवा कांदा खाऊ घालायचे उपाय कृपया सुचवू नका. दोन्हींनी कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

सुरुवात मीच करते.

लॅब्रेडॉर मादी, घरी आली तेव्हा ८ आठवडे

हिची शी व्हायची आणि त्याच क्षणी ती गर्रकन मागे वळायची. आपण ओरडत धावलो की ती दुप्पट वेगाने गिळायची, कारण तिच्या दृष्टीने कुणीतरी तिची वस्तू हिसकायला येत होतं. त्यामुळे धावणं, टाळ्या वाजवणं, 'शीऽऽ' असं किंचाळणं घरात सगळ्यांनाच बंद केलं.

मग शी होण्याच्या वेळा धरल्या. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून लहान पिल्लं बहुतेकदा जेवणानंतर ५ ते ३० मिनिटांत शी करतात. झोपून उठल्यावर आणि दंगामस्ती झाल्यावरही करतात. या प्रत्येक वेळी पट्टा लावून तिला ठरलेल्या जागी न्यायचं आणि शी होईपर्यंत तिथेच उभं राहायचं, असा नेम ठेवला. ती बसली की मी तिच्या तोंडाकडच्या बाजूला उभी राहायचे, मुठीत तिच्या सगळ्यात आवडीचा खाऊ. ती उठायला लागली की मूठ थेट नाकाशी, आणि नाक मुठीमागे आलं की दोन-चार पावलं पुढे नेऊन खाऊ द्यायचा. तोवर घरातलं दुसरं कुणी शी उचलायचं. मी एकटी असले तर खाऊचे बारीक तुकडे बाजूला जमिनीवर पसरायचे. ती हुंगत वेचत बसली की उचलायला पुरेसा वेळ मिळतो.

खाऊ दाखवायला उशीर झाला तर त्याचा काही उपयोग नाही. शी तोंडात गेल्यावर खाऊ पुढे केला तर पिल्लू आधी ती गिळतं आणि मग खाऊ घेतं.

हळूहळू शी झाल्यावर ती मागे वळण्याऐवजी आपणहून माझ्याकडे बघायला लागली. खरं काम तिथे झालं होतं. तरीही पुढे बराच काळ मी खिशात खाऊ ठेवत होते आणि शी लगेच उचलत होते. सवय गेली असं वाटून पिल्लाला एकटं सोडण्याची घाई करू नका.

मिश्र जात, नर, दत्तक घेतला तेव्हा ५ महिने

आमच्याकडे येण्याआधी ज्या घरात तो होता तिथे घरात शी केली की त्याचं नाक त्यात घासायचे. हे आम्हाला त्याला आणून देणाऱ्या कार्यकर्तीकडून कळलं. त्याचा परिणाम असा की तो आमच्यासमोर शी करायचाच नाही. पट्ट्यावर तासभर फिरवलं तरी नाही. घरात आला की सोफ्यामागे जायचा, करायचा आणि खाऊन टाकायचा. खाली फक्त ओला डाग. बाहेर यायचा तेव्हा कान मागे, शेपूट पायांत. त्याला शी आवडत होती असं मला आजही वाटत नाही. तो पुरावा नाहीसा करत होता.

अशा कुत्र्याला 'सोड' हा हुकूम शिकवायला घेतला असता तर तो आणखी लपला असता. आम्ही फक्त भीती काढायच्या मागे लागलो. घरात शी दिसली तरी चेहऱ्यावर काही नाही, तोंडातून शब्द नाही. त्याला दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि मग साफ करायचं. जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने धुवायची, कारण साध्या फिनेलने आपल्याला वास येत नाही पण कुत्र्याला येतो आणि तो पुन्हा तिथेच जातो. बाहेर नेताना लांब पट्टा लावला आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहायला लागलो. एकदा त्याने झुडपामागे केली. मी काही बोललो नाही, फक्त त्याच्या वाटेत खाऊ टाकला.

वेळ लागला, महिने लागले. पण सोफ्यामागे जाणं थांबलं तसं खाणंही थांबलं. ज्यांच्या घरात अजून नाक घासणं किंवा मारणं चालू आहे त्यांना हात जोडून सांगतो, तुम्हीच त्याला हे खायला शिकवताय.

पाळीव प्राण्यांची डॉक्टर म्हणून लिहिते आहे

धागा काढलात ते फार बरं केलंत. माझ्याकडे लोक हा प्रश्न निघता निघता, दारात उभं राहून, हळू आवाजात विचारतात.

पहिल्यांदा धीर देते. जन्मल्यानंतर साधारण ३ आठवडे पिल्लांना स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते, आणि जागा स्वच्छ राहावी म्हणून ती शी आईच खाऊन टाकते. पुढे पिल्लं जगातली प्रत्येक वस्तू तोंडानेच तपासतात, त्यात शीही आली. बरीचशी पिल्लं वर्षाची होईपर्यंत हे सोडून देतात.

पण आधी तपासणी करून घ्या. पिल्लू भरपूर खाऊनही वाढत नसेल, शी पातळ किंवा फिकट आणि तेलकट असेल, उलट्या होत असतील, किंवा कधीच न खाणारा मोठा कुत्रा एकाएकी खायला लागला आणि पाणीही जास्त प्यायला लागला, तर सवय समजून थांबू नका. येताना ताजी शी डबीत घेऊन या. जंताचं औषध सर्वसाधारणपणे पिल्लू २ आठवड्यांचं झाल्यापासून दर २ आठवड्यांनी, ८ आठवड्यांनंतर ६ महिन्यांपर्यंत दर महिन्याला देतात. मात्र मात्रा वजनावर ठरते, तेव्हा ती आपल्या डॉक्टरांकडूनच घ्या.

स्वतःची ताजी शी खाल्ल्याने निरोगी पिल्लाला सहसा लगेच काही होत नाही. गोल जंतांची अंडी बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला वेळ लागतो. जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचं तसं नाही, तो शी पडल्या क्षणापासून लागू शकतो. मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या कुत्र्यांच्या शीची. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू शीतून पसरतो आणि जमिनीवर कित्येक महिने टिकतो. १६ आठवड्यांपर्यंतचा लसींचा क्रम पूर्ण झालेला नसेल तर फिरताना पिल्लाचं तोंड जमिनीवर कुठे जातंय यावर बारीक नजर ठेवा. यात जराही ढिलाई नको.

जर्मन शेफर्ड, नर, १० महिने

डॉक्टरांनी वर जे लिहिलंय त्यातलं 'फिकट आणि तेलकट' वाचून लगेच लिहायला बसलो. आमचा कुत्रा वाटीभर जास्त खायचा तरी बरगड्या मोजता यायच्या. दिवसातून अनेकदा ढीगभर, पिवळसर, घाण वासाची शी करायचा आणि ती खायला धावायचा. भेटेल तो म्हणायचा, वाढतं वय आहे, सवय आहे, सुटेल.

रक्ताची टीएलआय नावाची तपासणी केली तेव्हा कळलं की त्याचं स्वादुपिंड पचनाचे एन्झाइम पुरेसे बनवतच नाही. या आजाराला ईपीआय म्हणतात आणि जर्मन शेफर्डमध्ये तो जास्त दिसतो. खाल्लेलं अन्न न पचताच बाहेर पडत होतं. म्हणजे त्याच्यासाठी त्या शीत खरोखरच खाण्यासारखं काहीतरी शिल्लक होतं. बिचारा उपाशी होता. आता प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर मिसळतो, ती आयुष्यभर चालणार. वजन भरलं, शी घट्ट झाली आणि तिच्याकडे तो आता बघतही नाही. या कुत्र्याला कितीही 'सोड' शिकवलं असतं तरी काय झालं असतं?

कॉकर स्पॅनियल, मादी, ४ महिने

भोपळा घातला. अननस घातला. खाण्यात मिसळायची पावडर आणली, गोळ्याही आणल्या. 'शीची चव बिघडते आणि कुत्रा तोंड लावत नाही' असं डब्यावर लिहिलेलं असतं. हिने लावलं. कशानेही फरक नाही. शेवटी तुमच्यासारखंच, शी झाली की उचलणं. आता बरी आहे.

दोन कुत्री : मोठा ७ वर्षांचा, पिल्लू ३ महिन्यांचं

कॉकरवाल्या ताईंच्या अनुभवाला आधार आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी कुत्रे पाळणाऱ्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे १६ टक्के कुत्र्यांना मालकांनी निदान ६ वेळा शी खाताना पाहिलं होतं. खाणं थांबवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ११ उत्पादनांचं यश ० ते २ टक्के एवढंच निघालं. अधाशीपणे खाणाऱ्या आणि इतर कुत्र्यांसोबत राहणाऱ्या कुत्र्यांत ही सवय जास्त दिसली. खाल्लेली शी बहुतेक वेळा २ दिवसांच्या आतली होती. त्यावरून त्यांचा तर्क असा की लांडग्यांच्या काळात गुहेजवळ पडलेली शी, तिच्यातले जंत संसर्ग करण्याइतके वाढायच्या आत, खाऊन टाकणं कळपाच्या फायद्याचं असावं. हा तर्कच आहे, पण मला पटतो. तो वाचल्यापासून घरात 'घाणेरडा' हा शब्द कुणी वापरत नाही.

आमची गोष्ट थोडी उलटी आहे. पिल्लू खात नव्हतं, पिल्लाची शी मोठा खायला लागला. नीट आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्याला खाजेसाठी स्टेरॉइड चालू झालं तेव्हापासून त्याची भूक बेसुमार वाढली होती. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध हळूहळू कमी करत आणलं. (अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं.) तोपर्यंत दोघांना वेगवेगळ्या वेळी बाहेर नेत होतो. पिल्लाने मोठ्याला बघून शिकावं असं नको होतं.

बीगल, नर, ३ वर्षे

सगळ्यांचं थांबलं, आमचं पूर्ण थांबलेलं नाही. असंही असतं, म्हणून लिहिते. सगळ्या तपासण्या झाल्या, आजार काही नाही. घरच्या जागेत आता खात नाही, पण फिरायला गेलं की दुसऱ्यांची शी शोधून काढतो.

आम्ही त्याला बास्केट मझल, म्हणजे तोंडावर बांधायचा पिंजरा, घालून घ्यायला शिकवलं. जाळीचा असतो, त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. आधी कित्येक दिवस मझल नुसता वाडग्यासारखा धरून आत खाऊ ठेवायचा, त्याचा पट्टा बांधायचा नाही. आता तो दिसला की आपणहून तोंड घालतो. घातलेला असताना त्याला एकटं सोडत नाही. रस्त्यात लोक चावरा कुत्रा समजून बाजूला होतात, त्याचं वाईट वाटतं. पण त्यामुळे तो रोज मोकळं हुंगत फिरू शकतो आणि मला त्याच्या तोंडात बोटं घालावी लागत नाहीत. त्याच्यासाठी एवढं सोसायला माझी काही हरकत नाही.

पूडल, मादी, ६ महिने

आम्ही दोघंही कामावर, ती दिवसभर कुंपणाच्या आत. खेळायला काही नाही म्हणून शीबरोबर खेळायची, मग खायची. दुपारी एक मुलगी येऊन तिला फिरवून आणायला लागली आणि जेवण वाटीऐवजी कोड्याच्या खेळण्यांतून (ज्यांतून खाऊ शोधून काढावा लागतो) द्यायला लागलो, तेव्हापासून कमी झालं. दोन्हींतलं कशाने, ते सांगता येणार नाही.

एक विचारायचं होतं. शी खाल्ल्यावर ती घरातल्या बाळाचं तोंड चाटायला येते. काय करू?

लॅब्रेडॉरवाली, पुन्हा

मीही हे आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं. बाळाचं तोंड आणि हात चाटू देऊ नका, हे नक्की. कुत्र्याच्या शीतले जंत माणसांना, विशेषतः लहान मुलांना लागू शकतात. तिला रागवायची गरज नाही. ती बाळाकडे निघाली की नाव घेऊन बोलवा आणि चावायचं खेळणं द्या. खाल्ल्याचं दिसलं तर भरपूर पाणी पिऊ द्या, ओल्या फडक्याने ओठ आणि मिशा पुसा, कुत्र्यांच्याच टूथपेस्टने दात घासा. माणसांची पेस्ट नको, काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. बाळ रांगतं त्या जागेत तिची शी-शूची जागा अजिबात येऊ देऊ नका, आणि जंताच्या औषधाची पुढची तारीख आजच लिहून ठेवा.

तिचं वजन वाढतंय ना, आणि शी घट्ट आहे का, तेवढं कळवा.