मदत हवी आहे : कंट्रोलर दर पाच मिनिटांनी टनेल इकडून तिकडे हलवतोय

नमस्कार मंडळी,

एका दूरसंचार कंपनीच्या बॅकबोनवर काम करतो. राउटिंगमध्ये बरीच वर्षं गेली, पण एसडीएनच्या (नेटवर्कचे निर्णय मध्यवर्ती सॉफ्टवेअरने घ्यायची पद्धत) पाण्यात यंदाच उतरलोय, तेही मागून ढकललं म्हणून. आमच्या साहेबांनी एका परिषदेत सादरीकरण पाहिलं आणि परत आल्यावर "आपलं नेटवर्क सॉफ्टवेअरने चालायला हवं" असं फर्मान काढलं. आतापर्यंत ते कशावर चालत होतं, देव जाणे.

चाचणीसाठी १४ राउटर वेगळे काढले आहेत. सगळ्यांवर आयएस-आयएस (राउटर आपसांत रस्ते शोधतात तो प्रोटोकॉल) आणि सेगमेंट राउटिंग. सेगमेंट राउटिंग म्हणजे पॅकेट आत शिरतानाच त्याच्या डोक्यावर लेबलांची चळत ठेवायची, पुढचे राउटर एकेक लेबल वाचून ते पुढे ढकलतात. त्यावर मार्ग ठरवणारा कंट्रोलर बसवलाय, तीन नोडचा क्लस्टर. नेटवर्कचा नकाशा त्याला बीजीपी-एलएसवरून मिळतो आणि ठरवलेला मार्ग तो पीसीईपीवरून राउटरला कळवतो. लिंकवरच्या ट्रॅफिकचे आकडे पाच मिनिटांनी गोळा होतात. ३६ टनेल (ठरवून दिलेल्या मार्गाने ट्रॅफिक नेणाऱ्या वाटा) त्याच्या स्वाधीन केलीत. नियम एकच : लिंकवरचा भार ७० टक्क्यांपुढे गेला की त्यावरचं एखादं टनेल रिकाम्या वाटेने न्यायचं.

दहा दिवस सगळं सुरळीत होतं. अकराव्या रात्री हे झालं (लॉग जसाच्या तसा, फक्त लिंकची नावं बदलली आहेत) :

२१:०५ – उत्तर ८० टक्के, दक्षिण ४५ टक्के. टनेल १७ दक्षिणेला.
२१:१० – उत्तर ५० टक्के, दक्षिण ७५ टक्के. टनेल १७ उत्तरेला.
२१:१५ – उत्तर ८० टक्के, दक्षिण ४५ टक्के. टनेल १७ दक्षिणेला.

२३:४५ पर्यंत असंच. एकूण ३३ फेऱ्या. दोन्ही लिंक १० गिगच्या (सेकंदाला १० गिगाबिट) आहेत. उत्तरेच्या वाटेने ११ मिलिसेकंद लागतात, दक्षिणेने १९. त्यामुळे टनेल दक्षिणेकडून उत्तरेला आलं की मागून निघालेली पॅकेट आधीच्यांना गाठून पुढे जायची. त्या टनेलमध्ये एका ग्राहकाचं व्हॉइस ट्रॅफिक होतं. त्याची तक्रार आली तेव्हा कुठे आम्हाला हे कळलं, कारण आमच्या पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. कंट्रोलरच्या मते तो दर वेळी यशस्वीच होत होता!

शेवटी मी हाताने टनेल परत ताब्यात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेवर सोडून दिलं. संध्याकाळच्या गर्दीत लिंक ८० टक्क्यांवर राहिली आणि कोणाचीही तक्रार आली नाही.

कंट्रोलरवर टनेल १७ असं दिसतं : स्वाधीन – होय, लेबलं – ३, बँडविड्थ – ०, स्थिती – चालू.

विक्रेत्याच्या मदत कक्षाने "मर्यादा ८५ करा" एवढं लिहून तिकीट बंद केलं. ते करता येईल, पण असं का झालं हे कळल्याशिवाय मला पुढची टनेलं त्याच्या हातात द्यायची नाहीत.

दुसरा प्रश्न, कंट्रोलरच मेला तर काय होतं? कागदावर वाचलंय, प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडून ऐकायचंय.

आणि तिसरा, साहेबांचा : "गूगलने केलं तसं राउटरमधलं राउटिंगच काढून टाकू, सगळं कंट्रोलरच ठरवेल." यावर काय उत्तर द्यावं?

प्रतिसाद : जुना_राउटरवाला

तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे. बँडविड्थ ०.

आकडे मांडून बघा. टनेल गेल्यावर उत्तरेचा भार ८० वरून ५० वर येतो, म्हणजे टनेल ३ गिगचं आहे. पण कंट्रोलरला ते शून्याचं वाटतंय. त्याला दिसतं ते एवढंच, की दक्षिण ४५ टक्क्यांवर आहे आणि बरीच जागा आहे. टनेल तिथे नेल्यावर ४५ चे ७५ होणार हे त्याला ठाऊकच नाही. पाच मिनिटांनी ७५ पाहून तो दचकतो, उत्तरेकडे बघतो तर तिथे ५० टक्के, मोकळं मैदान. पुन्हा तेच. मुळात तुमच्या या ३ गिगला दोन्हीकडे ७० टक्क्यांच्या आत जागाच नाहीये.

आरएसव्हीपी-टीईमध्ये (टनेल उभारायची जुनी पद्धत) हे इतक्या सहज झालं नसतं. तिथे टनेलला बँडविड्थ दिली असेल तर ती वाटेतल्या प्रत्येक राउटरवर आरक्षित होते, हिशेब नेटवर्कच ठेवतं. सेगमेंट राउटिंगमध्ये मधल्या राउटरना टनेल अस्तित्वात आहे हेसुद्धा माहीत नसतं. त्याचा साधेपणा त्यातूनच येतो आणि किंमतही तीच : जमाखर्चाची वही एकट्या कंट्रोलरकडे, आणि तुमच्या वहीत त्या खात्यावर शून्य लिहिलंय. टनेल जिथून सुरू होतं त्या राउटरवर टनेलनिहाय काउंटर चालू आहेत का ते आधी बघा. लिंकचे काउंटर वेगळे, टनेलचे वेगळे.

मर्यादा ८५ केलीत तर आज आवाज बंद होईल. ट्रॅफिक आणखी थोडं वाढलं की हाच खेळ ८५ वर सुरू. त्यापेक्षा टनेल १७ चे दीड-दीड गिगचे दोन भाग करा. उत्तर ६५, दक्षिण ६०, दोघंही मर्यादेत. शिवाय सलग तीन मोजण्यांत मर्यादा ओलांडली तरच हालचाल, आणि एकदा हललेल्या टनेलला निदान अर्धा तास हात लावायचा नाही, हे दोन नियम घाला. मोजणी पाच मिनिटांची आणि निर्णयही पाच मिनिटांनी, म्हणजे तव्यावरची भाकरी फुगायच्या आत उलटत बसण्यासारखं आहे.

प्रतिसाद : रात्रपाळी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कंट्रोलर मेला तर पहिला काही वेळ काहीच होत नाही, आणि तसंच अपेक्षित आहे. पीसीईपीचा कीपअलाइव्ह ("मी जिवंत आहे" हा निरोप) ठरावीक सेटिंगला ३० सेकंदांचा, मृत ठरवायचा टायमर त्याच्या चौपट, म्हणजे १२० सेकंद. त्यानंतरही आणखी टायमर असतात : दुसरा कंट्रोलर मिळतो का हे बघण्याची मुदत, आणि आधीच्याने दिलेला मार्ग किती वेळ जपून ठेवायचा याची मुदत. आरएफसी ८२३१ या मानक दस्तऐवजात सविस्तर आहे. या सगळ्या काळात पॅकेट जुन्या मार्गानेच जात राहतात. त्या मुदती संपल्यावर काय, हे मात्र तुम्ही लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक टनेलच्या पॉलिसीत कंट्रोलरच्या मार्गाला प्रेफरन्स (पसंतीक्रम) २०० आणि खाली राउटरने स्वतः काढलेला मार्ग १०० ला. वरचा गेला की खालचा आपोआप लागू होतो.

लिंक तुटली तर कंट्रोलरची वाट बघायचीच नाही. टीआय-एलएफए (पर्यायी वाट आधीच काढून ठेवायची सोय) चालू असेल तर तुटलेल्या लिंकशेजारचा राउटर ५० मिलिसेकंदांच्या आत पर्यायी वाट धरतो. कंट्रोलर १००० किलोमीटरवर असेल तर फायबरमधून नुसती जाऊन-येऊनच १० मिलिसेकंद जातात, गणित आणि लेबलं पोहोचवणं वेगळंच.

मेलेल्या कंट्रोलरला मी घाबरत नाही. पीसीईपी जिवंत पण बीजीपी-एलएस बंद, हा प्रकार खरा वाईट. कंट्रोलर कालचा नकाशा हातात धरून आजचे हुकूम सोडत बसतो. ही चाचणी नक्की करा. आणि कंट्रोलरकडे जाणारी वाट त्यानेच हलवलेल्या टनेलमधून जात नाही ना, तेही तपासा.

प्रतिसाद : जुना_राउटरवाला

साहेबांसाठी : गूगलने आपल्या बी४ या नेटवर्कवरचा शोधनिबंध २०१३ मध्ये छापला, तो त्यांना वाचायला द्या. ते नेटवर्क गूगलच्या स्वतःच्या डेटा सेंटरना जोडणारं होतं, ठिकाणं डझनभर. बराच माल म्हणजे स्वतःच्याच डेटाच्या प्रती, ज्या पाच मिनिटं थांबवल्या तरी चालतं. म्हणून लिंक भरभरून वापरता आल्या. तुमचं ट्रॅफिक ग्राहकाचं आहे, त्याला "जरा थांब" म्हणता येत नाही. आणि तिथेसुद्धा बीजीपी आणि आयएस-आयएस हे नेहमीचे राउटिंग प्रोटोकॉल हद्दपार केले नव्हते, कंट्रोलरच्या जोडीला ठेवले होते.

२००८ मध्ये स्टॅनफर्डमधून ओपनफ्लो (कंट्रोलरने यंत्रांना पॅकेट कुठे पाठवायचं ते सांगण्याचा प्रोटोकॉल) पुढे आलं तेव्हा राउटरमधला सगळा मेंदू बाहेर काढायची भाषा होती. तुम्ही केलंय ते त्यापेक्षा वेगळं आहे. रस्ते शोधणं आणि तुटल्यावर सावरणं राउटरकडे, भार कुठे टाकायचा हे मध्यवर्ती गणिताकडे. दूरध्वनीवाल्यांना हे काही परकं नाही. एसएस७ या टेलिफोनच्या जुन्या सिग्नलिंग पद्धतीत कॉल जोडण्याचे निरोप आवाजाच्या वाटेपासून वेगळेच जात होते, तेव्हा एसडीएन हा शब्दही नव्हता.

(साहेब "एसडीएन" म्हणताना फायरवॉल सर्व्हरवर चालवायचं बोलत असतील तर ते एनएफव्ही. तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा.)

धागाकर्ता

मंडळी, मनापासून आभार. काउंटर १४ पैकी ५ राउटरवर बंदच होते आणि टनेल १७ त्यातल्याच एकावरून निघतं. चालू केल्यावर बँडविड्थ २.९ गिग दिसू लागली. टनेलचे दोन भाग केले, तीन मोजण्या आणि अर्ध्या तासाचा नियमही घातला. चार रात्री झाल्या, गर्दीच्या वेळी उत्तर ६५ च्या आसपास, दक्षिण ६० ला, फेऱ्या शून्य.

काल दुपारी तिन्ही नोड बंद करून पाहिले. दोन मिनिटांनी सत्रं पडली, ट्रॅफिक जुन्याच मार्गाने चालू राहिलं. मग रात्रपाळी म्हणाले तसं फक्त बीजीपी-एलएस तोडलं आणि एक लिंक पाडली. कंट्रोलरने अगदी शांतपणे एक चाचणीचं टनेल त्याच पडलेल्या लिंकवर नेऊन ठेवलं. पॅकेट गायब, पडद्यावर हिरवा दिवा. आता बीजीपी-एलएसचं सत्र पडलं की कंट्रोलरने कोणालाही हलवायचं नाही, असा नियम आणि सोबत अलार्म टाकलाय.

बी४ चा निबंध साहेबांच्या टेबलावर ठेवलाय. शुक्रवारी बैठक आहे.