रिक्वेस्ट बॉडीची मर्यादा: पुढच्या सर्व्हरवर पुरते का?

रात्रपाळी: काल इथे एकाने ठासून लिहिलं, "पुढे एनजिनएक्स असेल तर पायथनमध्ये बॉडीच्या आकाराची काळजी करू नका." बॉडी म्हणजे रिक्वेस्टसोबत येणारा डेटा आणि एनजिनएक्स म्हणजे आपल्या ॲपच्या पुढे बसून रिक्वेस्ट आधी घेणारा सर्व्हर. त्याची मूळ मर्यादा १ एमबी. पण एखादं अपलोड अडकलं की कोणीतरी तिथे शून्य टाकतं, म्हणजे तपासणीच बंद. आमच्याकडे नेमकं हेच झालं. फ्लास्क या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये एकूण आकाराची मर्यादा आपण घातल्याशिवाय नसतेच. अवाढव्य जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) आला, मेमरी संपली आणि एकेक करत सगळे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) गेले. अख्खी रात्र जागलोय मी.

जुना_खांब: शून्य तुमच्या माणसाने टाकलं, त्यात एनजिनएक्सचा काय दोष? प्रत्येक सर्व्हिसमध्ये वेगळी मर्यादा घातली की ४१३ (बॉडी फार मोठी असल्याचा एरर) कुठून आला ते शोधत बसावं लागतं. माझी दुपार गेलीय त्यात. शिवाय जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये २.५ एमबीची मर्यादा आहेच.

रात्रपाळी: ती फाइलींना लागू नाही. आणि रिक्वेस्टवर थेट रीड केलंत तर तपासलीही जात नाही.

कच्चे_बाइट: आकाराचं राहू द्या, वेबहुकच्या, म्हणजे दुसरी सिस्टिम घटना कळवायला पाठवते त्या रिक्वेस्टच्या, सहीचं बोला! आमच्याकडे आधी जेसन पार्स करायचे, मग डम्प्सने त्याचा पुन्हा मजकूर करून त्यावर एचमॅक, म्हणजे गुप्त किल्लीने केलेली सही, काढायचे. पायथन स्वल्पविराम आणि कोलननंतर स्पेस घालतो, समोरचा घालत नाही. सही जुळेना. सेपरेटर बदलले, जुळली. मग एका ग्राहकाचं नाव देवनागरीत आलं, डम्प्सने त्याचे यू-कोड (अक्षराऐवजी त्याचा क्रमांक) केले, पुन्हा बोंब. शेवटी एकाने "तात्पुरती" म्हणून तपासणीच काढली. ती आठ महिने तशीच होती!

जुना_खांब: हे धाग्याशी कसं जुळतं?

कच्चे_बाइट: कारण दोन्हीकडे बॉडी कोण, कधी वाचतंय याकडे कोणी बघत नाही. आधी मर्यादेत राहून कच्चे बाइट घ्या, त्यांच्यावर सही तपासा, कम्पेअर डायजेस्टने (सह्या सुरक्षितपणे ताडून बघणारं पायथनचं फंक्शन). पार्सिंग त्यानंतर.

नवा_फास्टएपीआय: फास्टएपीआयमध्ये डेटा तपासणारा पायडँटिक आहे की. चुकीचा डेटा तोच अडवतो.

रात्रपाळी: अहो, तो तपासायला बसतो तोवर सगळी बॉडी मेमरीत आलेली असते! स्ट्रीममधून तुकडे घ्या, बाइट मोजा, मर्यादा ओलांडली की तिथेच थांबा. बॉडीचा आकार सांगणाऱ्या कन्टेन्ट-लेन्ग्थ हेडरवर विसंबू नका, चंक्ड (तुकड्यांत येणाऱ्या) रिक्वेस्टमध्ये तो हेडर नसतोच.

जुना_खांब: चंक्ड बॉडीही एनजिनएक्स मोजतो. उगाच घाबरवू नका लोकांना.

रात्रपाळी: मोजतो, कबूल. पण एका सर्व्हिसचा दुसरीला होणारा कॉल तुमच्या एनजिनएक्समधून जातो का? शून्य नसतं तरी आमचा तो जेसन अडला नसता, तो आतूनच आला होता.

जुना_खांब: ...नाही जात. बरं, आतल्या कॉलपुरती कोडमध्ये मर्यादा घालतो. पण फाइलींची दारावरच राहील, त्यावर मी हटणार नाही.